धुराची वाट आणि माणसांची वाट

घराला आग लागली की माणूस बाहेर पळतो. भुयारी रेल्वेत 'बाहेर' नसतं, 'वर' असतं. आणि धुरालाही वरच जायचं असतं. गरम धूर आणि घाबरलेली माणसं एकाच वेळी एकाच जिन्यापाशी येतात. गर्दीत जिना चढणारा माणूस सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर सरकतो. हाताला म्हातारी आई असेल, कडेवर मूल असेल, तर त्याहूनही कमी. धूर त्याच्या कितीतरी पट वेगाने चढतो. म्हणून भुयारातल्या सुरक्षेचं सगळं शास्त्र एका प्रश्नाभोवती फिरतं: धुराला कोणती वाट द्यायची आणि माणसांना कोणती. हे आग लागल्यावर ठरवायला वेळ नसतो. ते आधी, शांत डोक्याने, कागदावर ठरलेलं असावं लागतं आणि ड्यूटीवरच्या माणसाच्या हाताला सवयीचं असावं लागतं.

आपल्याकडे हा विषय आता परका राहिलेला नाही. आरे ते कफ परेड ही मुंबईची मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५पासून पूर्ण धावते आहे. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. पुण्यात सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा टप्पा २०२४च्या सप्टेंबरअखेरीस सुरू झाला. लोकलच्या दारात वाढलेल्या शहराला धोका ओळखता येतो तो डोळ्यांना दिसणारा: खांब, फलाटाची फट, रुळ ओलांडणारा माणूस. भुयारातला धोका दिसत नाही. वातानुकूलित, चकचकीत, शांत जागेत तो कुठे आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळतच नाही.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातही तो कुणाला दिसला नव्हता. १८ नोव्हेंबर १९८७, संध्याकाळचे साडेसात. पिकॅडिली लाइनचा सरकता जिना जुना, लाकडी. भुयारात सिगारेट ओढायला १९८५पासून बंदी होती, म्हणून ओढणारे बाहेर निघताना जिन्यावरच काडी पेटवायचे. अशीच एक पेटती काडी पायरी आणि बाजूची फळी यांच्या फटीतून खाली गेली. खाली यंत्राच्या रुळांवर वर्षानुवर्षांचं ग्रीस, आणि त्यात रुतलेले केस, कागदाचे कपटे, कपड्यांचे तंतू. नुसतं ग्रीस काडीने सहज पेटत नाही. पण तेलात वात बुडवली की दिवा लागतो. इथे वात आणि तेल दोन्ही तयार होतं.

सुरुवातीला ज्वाळा एखाद्या मोठ्या खोक्याएवढ्या होत्या. पोलिसांचे वायरलेस भुयारात चालत नसल्याने निरोप द्यायला शिपायाला धावत वर रस्त्यावर यावं लागलं. जिन्याखाली पाण्याचे फवारे मारायची यंत्रणा बसवलेली होती, ती कुणी सुरू केली नाही, कारण ड्यूटीवरच्या माणसांना ती वापरायला शिकवलंच नव्हतं. खालच्या प्रवाशांना शेजारच्या व्हिक्टोरिया लाइनच्या जिन्याने वर, तिकीटघराच्या हॉलकडे पाठवायला सुरुवात झाली. त्या क्षणी ते बरोबरच वाटलं असणार. ७ वाजून ४२ मिनिटांनी अग्निशमन दलाची पहिली गाडी पोचली. तीनच मिनिटांनी आगीचा लोळ जिन्यातून उसळून थेट त्या हॉलमध्ये घुसला. ३१ माणसं गेली. त्यांत पहिल्या तुकडीसोबत आलेले अग्निशमन अधिकारी कॉलिन टाउन्सली होते. एका भाजलेल्या प्रवाशाच्या शेजारी ते सापडले.

एका लाकडी जिन्याच्या आगीने तीन मिनिटांत एवढं रूप का घेतलं, हे कुणालाच उमगेना. इंग्लंडमधल्या हारवेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी संगणकावर ती आग पुन्हा उभी केली, तेव्हा पडद्यावर ज्वाळा वर जाण्याऐवजी जिन्याच्या तळाशी लोळण घेत पुढे सरकताना दिसल्या. प्रथम वाटलं, गणितात चूक आहे. मग एक-तृतीयांश आकाराचा खराखुरा जिना बांधून पेटवून पाहिला, आणि तेच झालं. ३० अंशांचा उतार, दोन्ही बाजूंना फळ्या, वरून मोकळा असा तो एक पन्हाळीसारखा चर होता. त्या चरात ज्वाळा पायऱ्यांना चिकटून झोपतात, पुढच्या पायऱ्या आधीच तापवून ठेवतात आणि एका क्षणी सगळा जिना एकदम पेट घेतो. आज याला खंदक-परिणाम म्हणतात. तोवर तो कुणाला माहीत नव्हता.

खाली फलाटावर अडकलेल्या बऱ्याच जणांची सुटका झाली ती मात्र रेल्वेगाडीनेच. गाडी आली, माणसं चढली, पुढच्या स्थानकात उतरली. ज्या वाटेला प्रत्येकाचे पाय आपसूक वळत होते ती वरची वाट जीवघेणी होती, आणि खालची वाट सुरक्षित होती. हे ठरवायला सगळं स्थानक एका नजरेत दिसणारा कुणीतरी लागतो. किंग्ज क्रॉसमध्ये त्या संध्याकाळी तसं कुणी नव्हतं.

डेस्मंड फेनेल यांच्या चौकशी अहवालात १५७ शिफारशी आहेत. त्यांच्या आधी एका शब्दाकडे लक्ष द्यायला हवं. तिथे जिन्याखालच्या आगींना 'आग' म्हणत नसत, 'धुमसणं' म्हणत. जिने धुमसायचेच, त्यात विशेष काही नाही, असा समज मुरला होता. 'धुमसतंय' असं ऐकलं की माणूस चालत जातो, 'आग' ऐकलं की धावतो. ज्या खात्यात अपघाताला गोड नाव मिळतं, तिथे आधी तो शब्द बदलायला हवा. यंत्रं नंतर बदलली तरी चालतील. आपल्याकडचा 'तांत्रिक बिघाड' हा शब्दही याच जातीचा आहे. दार न उघडणं, वीज जाणं, डब्यात धूर येणं, सगळं त्याच एका शब्दात मावतं, आणि प्रवाशाला यातलं काय झालंय हेच कळत नाही.

लंडनमधला शेवटचा लाकडी जिना निघायला २०१४ उजाडलं. भुयारात वायरलेस चालायला हवेत हे १९८८च्या अहवालातच होतं. तरी ७ जुलै २००५ला तीन भुयारी गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हाही बचावपथकांचे वायरलेस आत नीट चालत नव्हते. आजच्या बोगद्यांत भिंतीवरून एक जाड काळी केबल गेलेली दिसते. ठरावीक अंतरावर तिच्या आवरणाला खाचा ठेवलेल्या असतात आणि त्यांतून रेडिओलहरी झिरपतात. ती सगळ्या बोगद्यालाच अँटेना बनवते. ती केबल दिसली की या दोन तारखा आठवाव्यात.

जुन्या अपघातांतून आलेल्या अशा कितीतरी गोष्टी आज आपल्या आजूबाजूला असतात. १० ऑगस्ट १९०३ला पॅरिसच्या मेट्रोत आगीचा धूर कुरोन स्थानकात शिरला आणि दिवे गेले, कारण दिव्यांची वीज आणि गाडीची वीज एकाच तारेवर होती. अंधारात लोक फलाटाच्या ज्या टोकाला धावले तिथे बाहेर पडायची वाट नव्हती. ८४ जण गेले. तेव्हापासून दिव्यांची लाइन वेगळी झाली. आज वीज पूर्ण गेली तरी बॅटरीवर जळणारे दिवे आणि बाहेरची वाट दाखवणारे हिरवे फलक असतात. काही ठिकाणी पायाजवळही अंधारात चमकणारे पट्टे असतात. धूर छतापासून खाली भरत येतो आणि वरचे फलक आधी झाकले जातात, म्हणून ते पट्टे पायाजवळ.

बाकूचा अपघात याहून भयंकर. २८ ऑक्टोबर १९९५. अझरबैजानच्या राजधानीत विजेच्या दोषाने एका गाडीच्या डब्याने पेट घेतला आणि गाडी उल्दुझ स्थानक सोडून सुमारे दोनशे मीटरवर बोगद्यातच थांबली. डब्यांच्या आतल्या वस्तू अशा की पेटल्या की विषारी वायू सोडणार. लोक कसेबसे खाली उतरून चालू लागले. आणि साधारण पंधरा मिनिटांनी बोगद्याच्या पंख्यांची दिशा बदलली गेली. त्यामुळे ज्या बाजूला बहुतेक माणसं चालत होती, तिकडेच धूर ओढला गेला. २८९ जण मेले, बहुतेक गुदमरून. पंखे बंद नव्हते आणि मोडलेलेही नव्हते. ते नीट चालत होते, उलट्या बाजूला.

म्हणून पंख्यांबद्दल सविस्तर सांगायला हवं. भुयारी स्थानकाच्या दोन्ही टोकांना जमिनीपर्यंत जाणारे हवेचे उभे मार्ग असतात. रस्त्यावर जाळी लावलेली काँक्रीटची खोली दिसते ना, ती त्यांचीच. तिच्याखाली माणसापेक्षा उंच पंखे असतात. ते दोन्ही दिशांना फिरू शकतात: बाहेरची हवा बोगद्यात ढकलतात किंवा बोगद्यातली हवा बाहेर खेचतात. अडीचशे अंश तापमानाचा धूर तासभर किंवा त्याहून जास्त वेळ अंगावरून गेला तरी चालत राहतील असे ते बनवलेले असतात. दोन स्थानकांमध्ये गाडी अडकली आणि आग लागली की एका स्थानकाचे पंखे हवा ढकलतात आणि दुसऱ्याचे खेचतात. सगळ्या बोगद्यातून एकाच दिशेने वारा वाहू लागतो.

या वाऱ्याला किमान वेग लागतो. वारा मंद असेल तर गरम धूर छताला लागून वाऱ्याच्या विरुद्ध मागे सरकतो आणि माणसांच्या डोक्यावर येतो. बोगद्याचा उतार, छेद आणि आगीची तीव्रता यांवरून हा वेग काढतात. साधारण सेकंदाला दोन ते अडीच-तीन मीटर. चालणाऱ्या माणसाच्या तोंडावर चांगला जाणवेल एवढा वारा. त्याहून फार वाढवला तर म्हाताऱ्या माणसाला त्याच्या विरुद्ध चालवत नाही.

वारा कोणत्या बाजूने सोडायचा, हा खरा प्रश्न. आग पुढच्या डब्यात असेल तर माणसांनी मागे चालायचं आणि वारा मागून पुढे. आग शेवटच्या डब्यात असेल तर बरोबर उलटं. आग मधल्या डब्यात असेल तर निर्णय कठीण, कारण दोन्ही बाजूंना माणसं असतात. तिथे जवळचं स्थानक, उतार, जास्त माणसं कुठे आहेत हे सगळं बघावं लागतं. म्हणून प्रत्येक दोन स्थानकांमधल्या प्रत्येक बोगद्यासाठी अशा सगळ्या शक्यतांचा तक्ता आधीच तयार असतो, आणि नियंत्रण कक्षातला माणूस पंखे एकेक करून लावत बसत नाही, तक्त्यातला एक क्रम निवडतो. त्याला फक्त दोन गोष्टी नक्की कळायला हव्यात: गाडी कुठे आहे आणि आग कितव्या डब्यात आहे. दुसरी गोष्ट सांगणारा बहुतेक वेळा प्रवासीच असतो. डब्यातलं बोलण्याचं बटण दाबून 'आग लागली' एवढंच ओरडू नका. दाराजवळ डब्याचा नंबर लिहिलेला असतो, तो सांगा. त्या नंबरावरून वाऱ्याची दिशा ठरते. दारावरचा नंबर एकदा सहज वाचून ठेवायला काहीच लागत नाही, आणि तो वाचणारे प्रवासी फार थोडे.

याच कारणाने दोन पंखाघरांमधल्या एका बोगद्यात एका वेळी एकच गाडी ठेवायचा प्रयत्न असतो. एक गाडी जळत असताना तिच्या मागे दुसरी उभी असली, तर वारा कुठेही सोडला तरी कुणाच्या तरी अंगावर धूर जाणार. 'पुढची गाडी निघाल्यावर आपली गाडी निघेल' ही घोषणा ऐकून प्रवासी वैतागतात. त्या दोन मिनिटांमागे हेही एक कारण असतं.

पण बोगद्यात थांबायची वेळच येऊ नये, हा पहिला नियम. डब्यात आग दिसली आणि गाडी चालू शकत असेल तर ती पुढच्या स्थानकात न्यायची. फेब्रुवारी २०१७मध्ये हाँगकाँगला अॅडमिरल्टी आणि चिम-शा-चुई या स्थानकांमध्ये एकाने डब्यात ज्वालाग्राही द्रव पेटवलं. लोकांचे कपडे जळत होते. चालकाने गाडी बोगद्यात उभी न करता चिम-शा-चुईला आणली, दारं उघडली, माणसं फलाटावर आली आणि फलाटावर असलेल्यांनी त्यांच्या अंगावरची आग विझवली. डबा तसा जळलाच नाही, कारण आसनं, भिंती, फरशी सहज न पेटणाऱ्या साहित्याची होती. म्हणून डब्यात साखळी किंवा आपत्कालीन हँडल ओढताना एक लक्षात ठेवावं: पुढचं स्थानक मिनिटभरावर असेल तर बोलण्याचं बटण आधी.

दक्षिण कोरियात देगू शहरात १८ फेब्रुवारी २००३ला याच्या नेमकं उलट घडलं. एका माणसाने जुंगांग्नो स्थानकात उभ्या गाडीत पेट्रोलसारखं द्रव पेटवलं. डब्यातल्या गाद्या आणि आवरणं भराभर पेटली. आणि काही मिनिटांनी समोरच्या दिशेने येणारी दुसरी गाडी त्याच स्थानकात, जळत्या गाडीच्या शेजारी येऊन थांबली. तिला आधीच्या स्थानकात अडवायला हवं होतं, किंवा न थांबता पुढे काढायला. तोवर वीज गेली आणि ती हलेना. दारं बंद. चालक निघाला तो गाडीची मुख्य किल्ली काढून घेऊन, आणि बहुतेक दारं बंदच राहिली. १९२ मृतांमधले बहुतेक जण या दुसऱ्या गाडीतले, म्हणजे जिला आग लागलीच नव्हती त्या गाडीतले.

ती किल्ली काढायची सवय चालकाला शिकवलेली असते. गाडी सोडताना किल्ली काढायची, रोज, प्रत्येक वेळी. घाबरलेल्या हाताने तेच केलं जे हजारदा केलं होतं. म्हणूनच मॉक ड्रिल वर्षातून एकदा पाहुण्यांसमोर, ढोल वाजवून करून भागत नाही. रोजची सवय आणि आणीबाणीची कृती जिथे एकमेकींविरुद्ध जातात, त्या जागा शोधून तिथेच हात पुन्हापुन्हा वळवावा लागतो.

प्रवाशांनी दारं स्वतः कशी उघडायची हे माहीत असायला हवं, ते याचसाठी. डब्याच्या दाराजवळ काचेच्या किंवा प्लास्टिकच्या झाकणाआड हँडल असतं. गाडी पूर्ण थांबल्यावर ते ओढलं की दार हाताने सरकतं. फलाटावर काचेची दारं असतील तर रुळांच्या बाजूने, म्हणजे गाडीतल्या माणसाच्या बाजूने, त्या दारांनाही सोडवायचा दांडा असतो. गाडी थोडी पुढे-मागे थांबून दारासमोर दार आलं नाही, तर दोन सरकत्या दारांमधल्या स्थिर वाटणाऱ्या काचेवर आडवी पट्टी बघावी. ती ढकलली की ते पॅनेल फलाटाकडे उघडतं. बोगद्यात उतरायची वेळ आली तर कर्मचारी सांगेपर्यंत उतरू नये, कारण रुळांची वीज बंद झाली आहे आणि शेजारच्या बोगद्यातली गाडी थांबली आहे हे त्यालाच कळतं. बोगद्यातला दिवा, हिरवा बाण आणि तोंडावर येणारा वारा, या तिन्ही खुणा सहसा एकाच बाजूला नेतात. दोन बोगद्यांना जोडणाऱ्या आडव्या वाटा साधारण अडीचशे मीटरच्या आत असतात. जड दार ढकलून पलीकडे गेलं आणि ते मागे बंद झालं की धूर अलीकडे राहतो. ते दार दगड लावून उघडं ठेवायचं नाही.

फलाटावरची ही काचेची दारं काय वाचवतात ते सांगायला नको. पण दारांना एक मर्यादा आहे, आणि ती साडी-ओढणीच्या देशात मोठ्याने सांगायला हवी. दारात हात, पिशवी, पाऊल आलं तर जाडीमुळे सहसा दाराला कळतं आणि ते पुन्हा उघडतं. पातळ कापड रबराच्या दोन कडांमध्ये सहज मावतं, आणि दाराच्या लेखी ते बंद झालेलं असतं. डिसेंबर २०२३मध्ये दिल्लीच्या इंद्रलोक स्थानकात साडी दारात अडकून एका महिलेचा जीव गेला. जुलै २०१९मध्ये कोलकात्याच्या पार्क स्ट्रीट स्थानकात हात दारात अडकलेल्या प्रवाशाला गाडीने फरपटत नेलं. तोही वाचला नाही. बीप सुरू झाल्यावर चढू नये हे खरंच, पण पदर आणि ओढणी पुढे घेऊन, पिशवीचा बंद हातात गोळा करून चढावं-उतरावं, हे त्याहून जास्त उपयोगाचं.

फलाट किती वेळात रिकामा व्हावा याचाही हिशोब असतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मानकाप्रमाणे फलाट चार मिनिटांत मोकळा व्हावा आणि शेवटचा माणूस सहा मिनिटांत सुरक्षित जागी पोचावा. मेट्रो ३च्या आठ डब्यांच्या गाडीत सुमारे अडीच हजार माणसं मावतात. शिवाय फलाटावर थांबलेली. या हिशोबात एक सरकता जिना बंद आहे असं धरूनच मोजतात, कारण कुठला ना कुठला दुरुस्तीला असतोच. पण जिन्याच्या तोंडाशी जाहिरातीची कमान, सवलतीच्या खाऊचा स्टॉल, दुरुस्तीचे बॅरिकेड येऊन बसतात ते या हिशोबात धरलेले नसतात. एक मीटरची वाट पाऊण मीटर झाली की चारची सव्वापाच मिनिटं होतात. स्थानक नियंत्रकाने रोज फेरी मारताना हातात टेप घेऊन फिरावं, इतकं हे महत्त्वाचं आहे.

पाण्याचं तर आपल्याला सांगायलाच नको. २० जुलै २०२१ला चीनमधल्या झेंगझोऊ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. डेपोजवळची संरक्षक भिंत फोडून पाणी बोगद्यात शिरलं आणि लाइन ५च्या गाडीत माणसं छातीपर्यंतच्या पाण्यात अडकली. १४ जण दगावले. मुंबईने २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाहिला आहे. २६ मे २०२५ला आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं ते अजून बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराकडून. तिथली पाणी अडवणारी तात्पुरती भिंत कोसळली होती. पूर्ण झालेल्या दारांची पायरी कितीही उंच असो, पाणी अर्धवट दारानेच येतं. पावसाळ्याआधी तपासायचं ते हेच: भुयाराला जोडलेलं प्रत्येक भोक, मग ते प्रवाशांचं असो, केबलचं असो की ठेकेदाराचं. पूरफळ्यांचे खाचे कचऱ्याने भरलेले नाहीत ना, पंप जनरेटरवर चालतो का, आणि 'आता दार बंद करा' म्हणायचा अधिकार स्थानकावरच्या माणसाला आहे की त्याला वरिष्ठांची वाट पाहावी लागते.

आता कर्मचाऱ्यांविषयी. प्रवाशांना वाचवणाऱ्या वस्तू दुरुस्त करताना कर्मचारी मरतात, ही या विषयातली सर्वांत दुखरी गोष्ट. दक्षिण कोरियातल्या सोलच्या गुई स्थानकात २८ मे २०१६ला फलाटावरचं काचेचं दार दुरुस्त करताना एक १९ वर्षांचा मुलगा गाडी आणि दार यांच्यामध्ये सापडून गेला. तो ठेकेदाराकडचा कामगार. दोघांनी मिळून काम करायचं, एकाने गाडीवर लक्ष ठेवायचं, असा नियम होता, तो कागदावर. तक्रार आली की तासाभरात पोचायचं, असाही नियम होता. तो मात्र पाळावा लागायचा. माणसं कमी असली की असे दोन नियम एकत्र पाळता येत नाहीत, आणि ज्याचा दंड लगेच बसतो तोच नियम पाळला जातो. त्याच्या पिशवीत जेवायला वेळ मिळाला तर खायचा कप-नूडल निघाला. लोकांनी त्या दाराला चिठ्ठ्या चिकटवल्या, फुलं ठेवली, नूडलचे कप ठेवले.

टोकियोत २० मार्च १९९५ला गाड्यांमध्ये सरिन हा विषारी वायू सोडला गेला, तेव्हा कासुमिगासेकी स्थानकाच्या कर्मचाऱ्यांनी डब्यातली ओली पाकिटं उचलली, सांडलेलं वर्तमानपत्रांनी पुसलं, कारण डबा स्वच्छ करून गाडी सोडायची हेच त्यांचं काम. तिथले दोन कर्मचारी गेले. अनोळखी द्रव, एकाहून अधिक माणसं एकदम कोसळलेली, डोळ्यांची आग: अशा वेळी कर्मचाऱ्याने वाकायचं नाही, पुसायचं नाही, आधी माणसं वाऱ्याच्या दिशेच्या उलट हलवायची आणि नियंत्रण कक्षाला कळवायचं. हे झाडूवाल्या ताईंनाही शिकवायला हवं, कारण पहिल्यांदा त्याच पोचतात.

बोगद्यातलं खरं काम रात्री चालतं. शेवटची गाडी गेली की पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत तीन-चार तास. एवढ्यात रुळ, सिग्नल, पंप, पंखे, केबल. लंडनच्या बोगद्यांत रात्री केस, धूळ आणि तंतू हाताने वेचणाऱ्या बायकांच्या टोळ्या असत. किंग्ज क्रॉसची वात कशाची होती ते आठवलं की त्या कामाचं मोल कळतं. तिथल्या जुन्या बोगद्यांच्या भिंतीवर चालकाच्या खिडकीच्या उंचीवर दोन उघड्या तांब्याच्या तारा असत. खिडकीतून हात काढून त्या दोन्ही एकत्र चिमटल्या की त्या भागाची वीज बंद पडायची. बटण नाही, फोन नाही, परवानगी नाही. सुरक्षेची इतकी साधी रचना क्वचितच कुणी केली असेल.

आपल्या मुंबई-पुण्याच्या भुयारी मेट्रोत डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार असते. कोलकात्यात रुळाशेजारी ७५० व्होल्टची थर्ड रेल, म्हणजे वीज वाहणारा तिसरा रुळ. ब्लॉक, म्हणजे गाड्या बंद ठेवून कामाला दिलेला वेळ, मिळाला, नियंत्रकाने वीज बंद केल्याचा नंबर दिला, तो वहीत लिहून परत वाचून दाखवला, तरी तार मेली असं समजायचं नसतं. शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेतही जीव घेण्याइतकी वीज उतरू शकते. म्हणून आधी तपासणी, मग कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेतली वीज रुळात उतरवणारा दांडा. रॉडच्या केबलचं एक टोक आधी रुळाला घट्ट बसवायचं, आणि मगच दुसऱ्या टोकाचा आकडा तारेला लावायचा. काढताना आकडा आधी तारेवरून, रुळाचं टोक शेवटी. क्रम उलटला तर त्या केबलमध्ये आणि जमिनीमध्ये दुवा उरतो तो फक्त माणूस. नवीन मुलांना ही गोष्ट तोंडपाठ असते. पहाटे सव्वातीनला, झोप आणि घाम डोळ्यांत असताना, ब्लॉक संपायला पाच मिनिटं उरली असताना, ती हाताला पाठ असावी लागते. म्हणून शेजारी दुसरा माणूस उभा असावा लागतो, जो काहीच करत नाही, फक्त बघतो आणि मोठ्याने बोलतो: 'रुळ लागला. आता तार.'

ब्लॉक संपताना सगळे बाहेर येतात. आत जाताना वहीत नावं लिहिलेली असतात, समोर सही. पान्यांचा, ट्रॉलीचा, बॅटऱ्यांचा आकडा असतो. तोच आकडा परत यायला हवा. अकरा गेले आणि दहा आले तर वीज येत नाही, मग शहर स्थानकाबाहेर कितीही रांग लावून उभं असो. अकरावा पंपाच्या खोलीत हात धूत असतो. त्याला हाक जाते, तो येतो, सही करतो. मग रॉड निघाल्याचा निरोप, मग नंबर, मग वीज. आणि बऱ्याच मेट्रोंमध्ये त्यानंतर पहाटेची पहिली गाडी प्रवाशांविना सोडतात, सावकाश, दिवा लांबवर टाकत, चालक रुळांवर नजर ठेवून, रात्री कुणी काही विसरलं नाही ना हे बघत.